मागे बसलेल्या मोठ्या माणसाने बेल्ट लावला नाही तर जबाबदार कोण, तो की गाडी चालवणारा?

गोदाकाठची (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सात सीटची जुनी अर्टिगा आहे. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे, पण बहुतेक वेळा चालवते मीच. ह्यांना रात्रपाळी असते आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांनी हायवेला गाडी चालवणं सोडलंय. पुढच्या महिन्यात सगळे मिळून देवीची ओटी भरायला सप्तशृंगगडावर जायचं ठरतंय. दिंडोरी, वणी, नांदुरी, आणि मग गडाचा घाट. पुढे माझ्या शेजारी सासरे. मधल्या रांगेत सासूबाई, नणंद (तिला सातवा महिना लागेल) आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा. शेवटच्या रांगेत हे आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, वय बहात्तर. घरात त्यांचा शब्द शेवटचा.

मी गाडी सुरू करण्याआधी सगळ्यांना बेल्ट लावायला सांगते. सासरे लावतात. बाकीचे हसतात. आत्याबाई म्हणतात, "बेल्ट पुढच्यांना असतो. मागे कोण बघतंय? आणि मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझं मी बघीन."

परवा आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांना चलान आलं. चालवत होते ते, बेल्ट नव्हता मागे बसलेल्या मेहुण्याचा. आता दंड कोणी भरायचा यावरून दोघांत बोलणं बंद आहे. मेहुणा म्हणतो गाडी तुझी, ते गृहस्थ म्हणतात चूक तुझी. त्यावरून आमच्याही घरात चर्चा झाली आणि प्रत्येकाने आपापला कायदा सांगितला.

म्हणून विचारते. अठरा वर्षांपुढचा माणूस शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने बेल्ट लावत नसेल, तर कायदा त्याला धरतो की मला? की गाडी ज्यांच्या नावावर आहे त्या सासऱ्यांना? आणि हे दंडापुरतंच आहे, की देव न करो पण काही झालं तर नुकसानभरपाईतही हा बेल्ट आडवा येतो? माणसं माझ्या जिवाभावाची आहेत आणि स्टिअरिंग माझ्या हातात आहे. मला नक्की काय ते कळायला हवंय. ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

सडेतोड

कायदा काहीही असो, न्याय म्हणाल तर चालकाला दंड होणं चूक आहे. बहात्तर वर्षांची बाई मतदान करते, बँकेत सही करते, स्वतःच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करते. मग बेल्टच्या बाबतीत ती अज्ञान कशी? विमानात प्रवाशाने पट्टा लावला नाही तर वैमानिकाकडून दंड घेतात का? ज्याने नियम मोडला त्याने भरावं.

---

वकील_नाशिकरोड

ताई, तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही नेमकंच देतो. मी मोटार अपघात दाव्यांचीच कामं करतो.

आधी दंडाचं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-बी आलं आणि ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. त्याची दोन पोटकलमं आहेत. पहिलं म्हणतं, जो स्वतः बेल्ट न लावता वाहन चालवतो, किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी घेऊन जातो, त्याला एक हजार रुपये दंड. म्हणजे "प्रवासी घेऊन जाणारा" कोण? चालवणारा. प्रवाशाचं वय किती, तो शहाणा की अडाणी, त्याने स्वतःच्या मर्जीने बेल्ट लावला नाही की विसरला, यातलं काहीच कलम विचारत नाही. दुसरं पोटकलम चौदा वर्षांखालच्या मुलांचं आहे. मूल बेल्टने किंवा लहान मुलांच्या खास सीटने बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणारा, आणि तशी गाडी चालवायला लावणारा किंवा चालवू देणारासुद्धा, एक हजाराच्या दंडाला पात्र. म्हणजे भाच्याच्या बाबतीत गाडी ज्यांच्या ताब्यातली, ते तुमचे सासरेही त्यात येऊ शकतात.

"मागे बेल्ट लागत नाही" हा समज कुठून आला कळत नाही, पण तो फार पसरलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३८(३) स्पष्ट आहे. ज्या गाडीत बेल्ट दिलेले आहेत, तिथे चालक, पुढच्या सीटवरची व्यक्ती आणि मागे समोर तोंड करून असलेल्या सीटवरच्या व्यक्ती, या सगळ्यांनी गाडी चालू असताना बेल्ट लावलेला असला पाहिजे. तुमच्या अर्टिगाच्या दोन्ही मागच्या रांगा समोर तोंड करूनच आहेत. जुन्या ट्रॅक्समध्ये समोरासमोर आडव्या सीट असतात, त्या या वाक्यात बसत नाहीत. पण त्या सीट सुरक्षित आहेत असा कोणी अर्थ काढू नये.

वय, आजारपण, साडी, पोट, यांपैकी कशासाठीही १९४-बी मध्ये सवलत लिहिलेली नाही. उभे प्रवासी नेणारी वाहनं किंवा काही ठराविक प्रकारची वाहनं वगळण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण तुमच्या घरच्या गाडीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता चलान कोणाच्या नावावर येतं. कॅमेऱ्याला किंवा फोटो काढणाऱ्याला नंबर प्लेट दिसते, त्यामुळे ई-चलान गाडीमालकाच्या नावावर निघतं, तुमच्या बाबतीत सासऱ्यांच्या. कलम १३३ प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ही माहिती विचारल्यावर देणं मालकाचं कर्तव्य आहे. चलान चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिकच्या ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. कलमातली रक्कम एक हजार आहे. जागेवर तडजोडीने किती घ्यायचे हे कलम २०० खाली राज्य ठरवतं.

शेजारच्या मेहुण्यांचं म्हणाल, तर कायद्याच्या हिशेबात दंड चालवणाऱ्याचा. मेहुण्याने आपणहून पैसे दिले तर तो त्यांच्या घरातला व्यवहार.

आणि आत्याबाईंचं "माझं मी बघीन". ताई, ते वाक्य त्यांनी शंभराच्या स्टँप पेपरवर लिहून दिलं तरी तुमची जबाबदारी सुटत नाही. कायद्याने चालकावर टाकलेलं कर्तव्य प्रवाशाच्या परवानगीने माफ होत नाही.

भरपाईचा भाग मोठा आहे. संध्याकाळी कोर्टातून आल्यावर लिहितो.

---

लीड्सकर_आजोबा (मूळ कॉलेज रोड, सध्या लेकीकडे)

सडेतोड यांनी जे म्हटलंय, नेमकं तसंच इथे ब्रिटनमध्ये आहे, म्हणून सांगतो. चौदा वर्षांपुढच्या प्रवाशाने बेल्ट लावला नाही तर जबाबदार तो स्वतः. दंड त्याला, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर पाचशे पौंडांपर्यंत. चौदाच्या आतल्या मुलांची जबाबदारी मात्र चालकाची. मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोपर्यंत, त्याला योग्य चाइल्ड सीट लागते. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टर सूट असल्याचं प्रमाणपत्र देतात आणि ते मागितल्यास दाखवावं लागतं.

पुढच्या सीटला सक्ती आली ३१ जानेवारी १९८३ ला. मागच्या मोठ्या माणसांना १९९१ मध्ये. मधली आठ वर्षं इथेही लोक "मागे कशाला" असंच म्हणत असणार.

जावई गाडी काढण्याआधी आरशात मागे बघतो आणि थांबतो. काही बोलत नाही, नुसता थांबतो. पहिल्यांदा मला ते उर्मट वाटलं होतं. आता मी बसल्याबसल्या पट्टा ओढतो. माणसाला वळण लागतं, वय आड येत नाही.

---

घाटवाला

मी पर्यटक गाडी चालवतो. त्र्यंबक, शिर्डी, गड, आणि कसारा घाट उतरून मुंबई. पंधराएक वर्षं झाली. वकीलसाहेबांनी सांगितलं ते बरोबर आहे आणि आमच्या पोटावर येतं ते हेच. पॅसेंजर बेल्ट लावत नाही, चलान येतं गाडीवर, आणि पॅसेंजर तोवर आपल्या गावी पोचलेला असतो.

पण ताई, दंडाचं सोडा. घाटात मी बेल्टशिवाय गाडी घालत नाही. इगतपुरीच्या अलीकडे चहाला थांबतो, तिथेच सांगतो की आता सगळ्यांनी बेल्ट लावा, पुढे घाट आहे. नाही म्हणाले तर मी परत चहा मागवतो. रागावतात. रागावू द्या. गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळतं.

काही लोक बेल्ट पाठीमागून फिरवून अडकवतात, म्हणजे सीटचा टिंग टिंग आवाज बंद. नुसती लोखंडी क्लिप घालून आवाज बंद करणारेही आहेत. त्या क्लिपा ऑनलाइन सर्रास मिळायच्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना त्या विकायला बंदी केली. मी माझ्या गाडीत सापडलेली क्लिप खिडकीतून फेकून देतो, पॅसेंजरची असली तरी.

सडेतोड साहेब, विमानात हवाई सुंदरी येऊन एकेकाचा पट्टा बघते. माझ्या गाडीत ती पण मीच आणि पायलट पण मीच.

---

सिस्टर_पंचवटी

मी अपघात विभागात परिचारिका आहे. दोनच गोष्टी सांगते, त्या ताईंच्या घरातल्या माणसांसाठी.

नणंदबाईंना सातव्या महिन्यातही बेल्ट लावायचाच. पद्धत फक्त नीट हवी. कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडांवर टेकलेला. खांद्याचा पट्टा दोन्ही छातींच्या मधून येऊन पोटाच्या कडेने खाली. पोटावरून आडवा कधीच नाही. सीट मागे झोपवून बसू नये, पट्टा अंगाला टेकत नाही. मधेमधे उतरून चालावं. इतका प्रवास करायचा की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, गडाचा रस्ता वळणाचा आहे.

आत्याबाईंची नऊवारी अजिबात आड येत नाही, काष्ट्यावर कमरेचा पट्टा उलट छान बसतो. पदराची घडी आणि जाड शाल मात्र पट्ट्याखाली नको. पट्टा लुगड्यावर सपाट, मग वरून शाल.

आणि बाळाला मांडीवर घेऊन "मी घट्ट धरलंय" म्हणणाऱ्या आयांना मला हात जोडून सांगायचंय की धरता येत नाही हो. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला दोनशे किलोच्या आसपास जोर लागतो. तो वेग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका. कोणत्या आईच्या हातात तेवढी ताकद आहे? आई कमी पडत नाही, हात कमी पडतात. पाच वर्षांच्या भाच्याला बूस्टर सीट घ्या. बेल्ट मानेवरून न जाता खांद्यावरून जायला हवा.

---

वकील_नाशिकरोड

आता भरपाई. इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. बेल्ट न लावणं हा कायद्याचा भंग आहे, हे एक. त्या भंगामुळे जखमीची भरपाई कापली जाते का, हे दुसरं. पहिलं सिद्ध झालं म्हणजे दुसरं आपोआप होत नाही.

समजा तुमच्या गाडीला समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या ट्रकने धडक दिली आणि मागे बसलेल्या आत्याबाई जखमी झाल्या. दावा ट्रकच्या विम्यावर होईल. विमा कंपनीचे वकील लेखी जबाबात पहिल्या पानावर लिहितात, "अर्जदाराने बेल्ट लावला नव्हता, म्हणून सहभागी निष्काळजीपणा", म्हणजे झालेल्या नुकसानीत जखमीचाही दोष. नुसतं असं लिहून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० च्या मोहम्मद सिद्दिक विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या निकालात नियम घालून दिला. तिथे मोटरसायकलवर तिघे होते, म्हणून भरपाई कापली गेली होती. न्यायालय म्हणालं, तिघे बसणं हा नियमभंग असेल, पण त्या बसण्याने अपघात घडायला किंवा त्या माणसाला झालेली इजा वाढायला हातभार लागला हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येणार नाही. बेल्टच्या बाबतीतही आम्ही हाच युक्तिवाद करतो. बेल्ट न लावल्याने ट्रक चुकीच्या बाजूने आला नाही. प्रश्न उरतो इजेचा. डोकं पुढच्या सीटवर आदळून फुटलं असेल, तर समोरचा वकील डॉक्टरांना उलटतपासणीत विचारणारच, "बेल्ट असता तर ही इजा झाली असती का?" आणि प्रामाणिक डॉक्टर त्याचं जे उत्तर देईल ते आपल्या बाजूचं असेलच असं नाही.

ब्रिटनमध्ये याला १९७५ पासून ठोकताळा आहे. फ्रूम विरुद्ध बुचर या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी सांगितलं, बेल्टने इजा पूर्ण टळली असती तर भरपाईत २५ टक्के कपात, इजा बरीच कमी झाली असती तर १५ टक्के, आणि काहीच फरक पडला नसता तर कपात नाही. आपल्याकडे असे ठरलेले आकडे नाहीत, प्रत्येक प्रकरण पुराव्यावर चालतं. त्यामुळे बेल्ट न लावलेल्या माणसाचा दावा बुडतोच असं नाही, पण त्याला एक जास्तीची लढाई लढावी लागते. तीही आजारपणात, कर्ज काढून.

आता अवघड भाग, आणि ताई, हा तुमच्यासाठी आहे. चूक समोरच्याची नसून गाडी तुमच्या हातून घसरली असेल तर? मग आत्याबाईंचा दावा तुमच्या गाडीच्या विम्यावर. पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असेल, तर खासगी गाडीत बसलेले नातेवाईक त्यात धरले जात नाहीत. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी, असेल तर धरले जातात. सर्वोच्च न्यायालयाने बालकृष्णन प्रकरणात २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. आणि मालक-चालकाचा पंधरा लाखांचा जो सक्तीचा अपघात विमा असतो, तो ज्यांच्या नावावर गाडी आहे आणि जे चालवतात त्यांचा. गाडी सासऱ्यांची आणि चालवता तुम्ही, म्हणजे तो तुमच्या कामाचा नाही. त्यातही निंगम्मा प्रकरणापासून, म्हणजे २००९ पासून, न्यायालयाने असं धरलंय की दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे त्याच गाडीच्या विम्यावर त्याला त्रयस्थ म्हणून दावा लावता येत नाही. म्हणजे सातही माणसांत कायद्याने सगळ्यात उघड्यावर बसलेल्या तुम्हीच. घरी जाऊन पॉलिसीचा कागद काढा आणि बघा.

फौजदारी बाजू एका वाक्यात. निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मृताने बेल्ट लावला नव्हता म्हणून चालक त्यातून सुटत नाही.

सडेतोड यांच्या मुद्द्यावर माझं मत सांगतो. ब्रिटनचा नियम चुकीचा नाही. पण मला आपला नियम आपल्या घरांसाठी जास्त पटतो. गाडी चालवायची की नाही, हे ठरवणं फक्त एकाच माणसाच्या हातात असतं. आणि आपल्याकडे तो माणूस पुष्कळदा घरातला धाकटा असतो. सून, मुलगा, भाचा, पगारी ड्रायव्हर. थोरल्यांना "हे करा" म्हणायची त्यांना सोय नसते. कायद्याने जबाबदारी त्यांच्यावर टाकली, म्हणजे बोलायचा अधिकारही त्यांना दिला. "आत्याबाई, माझ्यावर कलम आहे" हे वाक्य सून बोलू शकते. "तुमच्या जिवाला धोका आहे" म्हणाल्या तर आत्याबाई देवाचं नाव घेऊन विषय संपवतील.

आणि "माझं मी बघीन" खरं का नाही, त्याचं उत्तर कायद्याच्या बाहेरही आहे. २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधल्या अपघातांचा अभ्यास छापून आला. मागे बसलेल्याने बेल्ट लावला नसेल, तर पुढे बेल्ट लावून बसलेल्याचाही मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो. मागचं शरीर पुढच्या सीटवर जाऊन आदळतं. सायरस मिस्त्री यांचा अपघात सगळ्यांना आठवत असेल, ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर. मागे बसलेले दोघे बेल्टशिवाय होते, दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. गाडी महागातली होती, एअरबॅगांची होती. एअरबॅग बेल्टला पूरक म्हणून बनवलेली असते, बेल्टऐवजी नाही.

---

सडेतोड

पाचपटीचं माहीत नव्हतं. म्हणजे मागचा माणूस फक्त स्वतःचा धोका पत्करत नाही. तेवढ्यापुरता माझा मुद्दा पडतो. पण दंड चालकाबरोबर त्या प्रवाशालाही व्हावा, या मतावर मी ठाम आहे. मेहुण्याच्या खिशातून दोनशे गेले तरी त्याला पुढच्या वेळी आठवेल.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, तुमचं उत्तर मी काल रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. पाचपटीच्या वाक्याला सासूबाईंचा हात थांबला, कारण आत्याबाई जिथे बसतात त्याच्या पुढे मधल्या रांगेत नणंद बसणार आहे. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "पोरीच्या मागे मी नको. मला दुसरीकडे बसव." मी म्हटलं, जागा बदलून भागणार नाही, कुठेही बसलात तरी पुढे आपलंच कोणीतरी असणार.

पॉलिसी काढून बघितली. पॅकेज आहे. पण प्रवाशांसाठी वेगळा अपघात विमा घेतलेला नाही, त्या रकान्यात शून्य आहे. मालक-चालक म्हणून सासऱ्यांचं नाव.

आज सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन सगळे बेल्ट तपासले आणि खरी अडचण तिथे कळली. मागच्या रांगेची बकलं सापडतच नाहीत. गाडी घेतल्यावर रेक्झिनची सीट कव्हरं घातली होती, त्यांच्याखाली बकलं दडपून गेली आहेत. म्हणजे आत्याबाई तयार झाल्या असत्या तरी बेल्ट लावणार कशात? मधल्या रांगेत मधोमध नुसता कमरेचा पट्टा आहे, खांद्याचा नाही. तिथे भाच्याची बूस्टर चालेल का?

---

घाटवाला

नाही ताई, बूस्टरला खांद्याचा पट्टा लागतो. भाच्याला खिडकीला बसवा, नणंदबाई दुसऱ्या खिडकीला, मधे सासूबाई कमरेचा पट्टा लावून. खिडकीकडच्या दरवाजाचं चाइल्ड लॉक आठवणीने लावा.

बकलांचं सांगतो. निम्म्या गाड्यांत हीच भानगड आहे. सीट आणि पाठ यांच्या फटीत हात घाला, पट्ट्याची मान हाताला लागेल. ओढून वर काढा. कव्हर आडवं येत असेल तर सीट कव्हरवाल्याकडे जा, तो बकलाच्या जागी चीर पाडून कडेला शिलाई मारून देतो. स्वतः ब्लेडने कापू नका, चुकून पट्टा कापला तर तो बेल्ट गेला. शेवटच्या रांगेची बकलं बऱ्याचदा सीट घडी करताना खाली अडकतात, सीट उभी करून बघा. मग प्रत्येक बेल्ट अडकवून झटका द्या. झटक्याने लॉक झाला पाहिजे, हळू ओढला तर सुटला पाहिजे. बकलात शेंगदाण्याची टरफलं, खडीसाखर, काय वाट्टेल ते सापडतं. प्रसादाच्या गाड्यांत तर हमखास. हवा मारून घ्या.

आणि सात माणसं बसल्यावर मागे सामानाला जागा राहत नाही. ओटीचं ताट, नारळ, पाण्याचा कॅन शेवटच्या सीटच्या पाठीवर रचू नका. ब्रेक मारला की नारळ पुढे येतो. पायाशी ठेवा.

---

सिस्टर_पंचवटी

सासूबाईंना कमरेचा पट्टा पोटावर नाही, खाली मांड्यांच्या वर घट्ट. सैल पट्टा आतड्यांना इजा करतो.

खांद्याचा पट्टा असलेल्या जागा सहाच असतील आणि त्यातल्या कोणाला पाठीचा किंवा पोटाचा त्रास असेल, तर त्या माणसाला खांद्याच्या पट्ट्याची जागा आधी द्या.

---

वकील_नाशिकरोड

प्रवाशांच्या रकान्यातलं शून्य पुढच्या नूतनीकरणाला भरून घ्या. अनामिक प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात विमा म्हणून तो वेगळा घेता येतो, माणशी ठराविक रकमेचा, गाडीतल्या सगळ्या सीटसाठी. हप्ता थोडा वाढेल. तो दावा कोणाची चूक होती यावर अवलंबून नसतो, त्यामुळे न्यायाधिकरणात वर्षं घालवावी लागत नाहीत. पण मृत्यू आणि ठराविक गंभीर अपंगत्व यांनाच तो लागू असतो. दवाखान्याच्या बिलासाठी आरोग्य विमाच हवा.

तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. तुमच्या नावावर स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, ती कोणतीही गाडी चालवताना चालते. किंवा गाडी रोज तुम्हीच चालवणार असाल तर ती तुमच्या नावावर करून घ्या, म्हणजे मालक-चालकाचा पंधरा लाखांचा विमा तुमच्या नावाने घेता येईल. लायसन्स वैध आहे ना, तेही बघून ठेवा, मुदत संपलेली असेल तर विमा कंपनी आधी तिथेच बोट ठेवते.

नूतनीकरण गडावर जाण्याआधी येत नसेल, तर एजंटला फोन करून चालू पॉलिसीतच प्रवाशांची जोड मिळते का विचारा, आणि मिळाली तर त्याचा लेखी कागद घ्या. फोनवरच्या "हो, झालंय" वर विसंबू नका.

---

गोदाकाठची

एजंटला फोन केला, उद्या कागद घेऊन येतोय. सीट कव्हरवाल्याकडे शनिवारी सकाळी जाते. आत्याबाई म्हणाल्या आहेत की त्याही बरोबर येणार. बकल कुठे आलं पाहिजे ते बसून बघायचंय म्हणे.